हप्ता आणि वेचा

2 ऑक्टोबर 2024, वर्धा
खादी भांडारात सवलतीची गर्दी. खादी आयोगानं कताईचा दर गुंडीमागं 10 वरून साडेबारा रुपये केला. गुंडी म्हणजे हजार मीटर सूत. आमच्या खादी संस्थेच्या कातणाऱ्या ताईंना कळवलं, तर त्यांनी विचारलं, "भाऊ, कातायचे पेळू वेळेवर येतील ना?" पेळूच नसतील तर वाढलेला दर हातात पडणार कसा?

14 नोव्हेंबर
सेलूकडच्या सेंद्रिय शेतकरी गटाचा कापसाचा पहिला वेचा निघाला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये. आम्हाला त्याहून वर द्यायचा आहे. क्विंटलमागं रुई साधारण 34 किलो, बाकी बहुतेक सरकी. वर्षभराचा कापूस आत्ताच घेऊन ठेवायला हवा. त्याचं कापड विकलं जाणार पुढच्या गांधी जयंतीला. तोवर पैसा अडकलेला. आणि शेतकऱ्याला हरभऱ्याच्या पेरणीसाठी रोकड आज हवी.

30 डिसेंबर
मगनवाडी. 1938 साली याच दिवशी गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. शेत, चरखा आणि माग एकाच पंचक्रोशीत असावेत, हा त्यांचा आग्रह मला आजही व्यवहाराचाच वाटतो. पण सरकारी पैसा यंत्राकडं लवकर वळतो. 2018 च्या सौर चरखा मिशनला 50 समूहांसाठी 550 कोटी मंजूर झाले होते.
रात्री कारागीर समूहांसाठीच्या केंद्राच्या 'स्फूर्ती' योजनेचा प्रकल्प अहवाल लिहायला बसलो. 500 कारागिरांपर्यंतच्या समूहाला अडीच कोटींपर्यंत मदत. सुविधा केंद्र, यंत्रं, प्रशिक्षण, अगदी कच्च्या मालाच्या बँकेलाही रकाना आहे. पैसा कोणत्या महिन्यात हवा, याला मात्र नाही. मंजुरी फेब्रुवारीत आली, तर कापूस तोवर व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेला असतो.

27 मार्च 2025
आर्थिक वर्ष संपत आलं, उपयोगिता प्रमाणपत्रांची घाई. आयोगाच्या व्याज-अनुदानामुळं संस्थेला कर्ज 4 टक्क्यांनी पडतं, वरचं व्याज आयोग भरतो. फार मोलाची सोय आहे ही. पण बँकेचा कागद हलेपर्यंत हंगाम सरतो.

1 एप्रिल
आजपासून गुंडीला 15 रुपये. ताईंच्या कष्टाला हे थोडंच आहे, तरी आनंद झाला. अहवालाचं वेळापत्रक पुन्हा मांडलं: पहिला हप्ता कापसाचा, दसऱ्याआधी, यंत्रं उन्हाळ्यात. सोबत हिंगणघाट बाजार समितीतली महिनावार आवक जोडणार आहे. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना समोर बसून समजावून सांगायची माझी तयारी आहे.