गार टाकीतली ऊब

प्रयोगशाळेत येणारे पाहुणे उष्णता साठवायच्या टाकीला हात लावून म्हणतात, ‘ही तर गारच आहे!’ असणारच. तिच्यात उष्णता नाही, कोरडेपणा भरलाय. झिओलाइट १३एक्स या पाणी शोषणाऱ्या पदार्थाचे मणी १८०-२०० अंशांच्या हवेने वाळवले की त्यांच्या सूक्ष्म छिद्रांतलं पाणी निघून जातं, आणि ओल लागू दिली नाही तर ते वर्षभरही तसेच राहतात. वाफ मिळाली की किलोभर पाण्यामागे तीन-चार हजार किलोज्यूल बाहेर पडतात. नुसत्या वाफेचं पाणी होताना मिळतात त्याहून जास्त, कारण छिद्रांतले सोडियमचे आयन पाण्याला घट्ट धरतात. एरवी ओल आत शिरू नये म्हणून टाकीच्या गॅस्केटला सिलिकॉन रबर मात्र वापरू नये. ते उष्णता सोसतं, पण वाफ आरपार जाऊ देतं.

खालून ओलसर हवा सोडली की थर्मोकपलचे आकडे बघण्याआधी मी पोलादाला हाताची पाठ टेकवत वर जातो. खालचा भाग ओला होऊन निवालेला, वरचा तापलेला, आणि मधल्या चार बोटांच्या पट्ट्यात खरं काम चाललेलं. पट्टा तिरका झाला की समजायचं, हवा एका कडेने पळतेय. म्हणून मणी भरताना घाई चालत नाही. भुकटी चाळून काढायची, थोडे ओतायचे, लाकडी हातोडीने टाकी ठोकायची, पुन्हा ओतायचे. भर पावसात हे करूच नये, मणी ओतता ओतताच ओल धरू लागतात.

उन्हाळ्याचं ऊन हिवाळ्यात वापरायचं, हे अनेकांचं लाडकं स्वप्न. मला ते हिशेबात बसत नाही. वर्षातून एकदाच वापरली जाणारी टाकी पैसे कधी वसूल करणार? त्यापेक्षा म्युनिकचं पटतं. झेडएई बायर्न या संस्थेने १९९०च्या दशकात तिथल्या एका शाळेसाठी ७ टन झिओलाइट बसवलं. रात्री मागणी कमी असताना शहराच्या उष्णता पुरवणाऱ्या जाळ्यावर १३० अंशांला वाळवायचं, दिवसा शाळा तापवायची. उन्हाळ्यात तीच यंत्रणा एका जॅझ क्लबची हवा गार करायची!

पण तिथेही हवा आधी मुद्दाम ओलसर करावी लागे. शून्य अंशाच्या किलोभर हवेत जेमतेम ४ ग्रॅम पाणी मावतं, तेवढ्यावर हवा तापते १२-१३ अंश. पावसाळ्यातली कोकणची हवा २० ग्रॅम घेऊन दारात उभी असते. तिथे घर तापवायचं नाही, पण पाऊस लवकर आला की कोकमाच्या साली बुरसटतात. त्यांना हवी ती गरम आणि कोरडी हवा, आणि टाकीतून तीच निघते. इथे मी १३एक्सचा हट्ट धरणार नाही. सिलिका जेल उष्णता कमी देतं, पण ८०-९० अंशांवर वाळतं, छपरावरच्या सोलर हीटरला तेवढं जमतं. सालींतलं लिटरभर पाणी काढायला निदान ५-६ किलो जेल लागेल, म्हणजे मेमध्ये एकदा भरून भागणार नाही. उघडीप मिळेल तशी दुपारची उन्हं पकडून ते पुन्हा वाळवायचं. आठवडाभर झड लागली तर लाकडाची भट्टी पेटवावी लागेल, आणि ती शेजारी ठेवायला माझी हरकत नाही.