एका अक्षराचं अंतर

वैद्यकीय भाषांतर करणाऱ्याला अवघड शब्दांची फारशी भीती नसते. लांबलचक, कधी न ऐकलेला शब्द आला की तो आपसूक थांबतो, कोश उघडतो, डॉक्टरांना विचारतो. घात होतो तो ओळखीच्या शब्दांत. डोळा निम्मा शब्द वाचतो आणि उरलेला सवयीने भरून टाकतो.

डिसफेजिया आणि डिसफेझिया ही जोडी घ्या. रोमन लिपीत एका ठिकाणी ‘जी’, दुसऱ्या ठिकाणी ‘एस’. बाकी अक्षरं तीच. पहिल्याचा अर्थ गिळायला त्रास होणं, दुसऱ्याचा बोलण्यात किंवा बोललेलं समजण्यात अडचण येणं. एरवी संदर्भ बघून वाट काढता येते. इथे तोही हात देत नाही, कारण पक्षाघाताच्या झटक्यानंतर एकाच रुग्णाला दोन्ही त्रास होऊ शकतात. घरी सोडताना दिलेल्या सूचनांत ‘गिळायला त्रास’च्या जागी ‘बोलायला त्रास’ छापलं गेलं, तर घरचे लोक मायेने पाण्याचा पेला तोंडाला लावतील. ते पाणी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनियाचा धोका. मूळ धातू माहीत असला तर खूण पटते: ग्रीकमध्ये ‘फॅगीन’ म्हणजे खाणं, आणि अन्ननलिकेच्या इसोफेगस या नावातही तोच ‘जी’ आहे.

इलियमचं प्रकरण याहून बिकट. इंग्रजीत तिसरं अक्षर ‘ई’ असेल तर तो लहान आतड्याचा शेवटचा भाग. ‘आय’ असेल तर कमरेचं रुंद हाड. देवनागरीत मात्र दोन्ही इलियमच. आता ‘इलियममधून नमुना घेतला जाईल’ असं वाक्य संमतीपत्रात आलं, तर रुग्णाने काय समजायचं? दुर्बीण आत घालून आतड्याचा तुकडा काढणार, की कमरेच्या हाडात सुई घालून अस्थिमज्जा काढणार? क्लिनिकल चाचण्यांसाठीच्या भारतातल्या 2019 च्या नियमांप्रमाणे सहभागी होणाऱ्याला समजेल अशा सोप्या भाषेत माहिती द्यावी लागते. इथे कागदावर मराठी आहे, पण समजणं नाही. मराठी मजकुराचं पुन्हा इंग्रजी करून तो मुळाशी ताडून पाहतात, ते बॅक ट्रान्सलेशनही या ठिकाणी भरवशाचं नाही. दुसरा भाषांतरकार इलियम वाचून अंदाजाने एक स्पेलिंग निवडेल, आणि ते मुळाशी जुळलं तर मराठीतली संदिग्धता कुणाच्या लक्षातही येणार नाही.

स्पेलिंग तपासणाऱ्या संगणकाकडून तर अपेक्षाच नको. दोन्ही शब्द त्याच्या कोशात आहेत. तो लाल रेघ कशी ओढेल? प्रोस्टेट ही ग्रंथी, प्रॉस्ट्रेट म्हणजे पालथा पडलेला. बोलताना आपल्याकडे सर्रास ग्रंथीलाही तो जादाचा ‘र’ चिकटतो, आणि तोच पुढे टंकलेखनात उतरतो. ‘हायपर’ आणि ‘हायपो’ यांत तर अर्थ थेट उलटा होतो. हायपोग्लायसेमियात रक्तातली साखर घसरलेली असते, तिथे शुद्धीवरच्या रुग्णाला चटकन साखर द्यायची. हायपरग्लायसेमियात ती आधीच वाढलेली असते.

हा गोंधळ फक्त भाषांतरकारांचा नाही. आम्लपित्तावरचं लोसेक आणि लघवी वाढवणारं लॅसिक्स यांच्या नावांत गफलत होऊ लागल्यावर अमेरिकेत 1990 मध्ये लोसेकचं नाव बदलून प्रायलोसेक करावं लागलं. शरीररचनेच्या 1998 च्या आंतरराष्ट्रीय परिभाषेत पोटरीच्या बाहेरच्या बाजूच्या भागांसाठी ‘पेरोनियल’पेक्षा ‘फिब्युलर’ला पसंती मिळाली. ‘पेरोनियल’सारखाच दिसणारा ‘पेरिनियल’ म्हणजे गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्यामधल्या भागाचा. कुठे पोटरी, कुठे तो भाग!

नावं बदलणं भाषांतरकाराच्या हातात नसतं. वाक्य मात्र त्याचंच असतं. म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना एक विनंती: अशी जोडी दिसली की नुसता शब्द देवनागरीत उतरवून पुढे जाऊ नका. आधी मूळ शब्द अक्षर अक्षर सुटं करून वाचा, मग ‘लहान आतड्याचा शेवटचा भाग’ किंवा ‘कमरेचं हाड’ असं सरळ लिहा. ओळ लांबली तरी चालेल.