हंगाम संपला, हिशेब बाकी

खामगाव, मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद या पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये दसऱ्यानंतर कापसाची आवक सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत सरकी काढणारे रेचे थांबतात. इथली बेकारी अचानक कोसळत नाही, तिचा महिना सगळ्यांना आधीच ठाऊक असतो. तरी बेकारीच्या विम्यातून नेमका हाच कामगार वगळलेला आहे. कामगारांचे दावे लढवताना मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट ती हीच.

कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 पासून आहे. विमा असलेल्या कामगाराची नोकरी गेली आणि त्याने अटी पूर्ण केल्या, तर 90 दिवसांपर्यंत त्याला सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम मिळते. पण 1948 चा ईएसआय कायदा मुळातच हंगामी कारखाने सोडून इतरांना लागू झाला, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत सरकी काढणे आणि गाठी दाबणे ही कामे नावानिशी आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता आल्या, तेव्हा हे दार उघडेल अशी मला आशा होती. पण त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखाना बाहेरच ठेवला.

हे वगळणे जुनेच आहे.  1881 मध्ये देशातला पहिला फॅक्टरी कायदा आला, पण वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून सुटले. कामाच्या तासांच्या बाबतीत ही सूट 1911 च्या कायद्याने काढली. विम्याच्या बाबतीत ती अजून शिल्लक आहे, आणि याला पटेल असे कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही. जिनिंगच्या आवारातच बाराही महिने तेल गिरणी चालत असेल, तर तो कारखाना हंगामी मानायचा का, हा मात्र लढवण्याजोगा मुद्दा आहे. तो लढवायला हवा.

विमा नाही म्हणून या कामगाराच्या हाती काहीच नाही, असेही नाही. आधी ओव्हरटाइम बघा. ठरलेल्या तासांपलीकडे काम केले तर मजुरी दुप्पट दराने द्यावी लागते, हे बहुतेकांना माहीत असते. अडचण येते ती उक्त्या कामात. गाठीमागे किंवा क्विंटलमागे पैसे घेणाऱ्याला सांगितले जाते, ‘तुला कामावर पैसे, तासांचा काय संबंध?’ 1948 च्या फॅक्टरी कायद्याने याचे उत्तर देऊन ठेवले होते: आदल्या महिन्यात त्याच कामावर जेवढे दिवस भरले, त्यांची सरासरी कमाई हाच त्याचा रोजचा दर धरायचा. समजा, डिसेंबरात 26 दिवसांत 13,000 रुपये मिळाले. रोज पडला 500, आठ तासांच्या हिशेबाने तास 62 रुपये 50 पैसे. मग जानेवारीतला जादा तास 125 रुपयांचा. दाव्याचा तक्ता मी आजही याच रीतीने मांडतो.

दिवाळी आहे म्हणून बोनसबद्दल थोडे सविस्तर. वीस किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे, हिशेबाच्या वर्षात 30 दिवस काम केलेला कामगार ठरलेल्या पगारमर्यादेत बोनसला पात्र ठरतो. किमान दर 8.33 टक्के. हंगामी असल्याने हा हक्क जात नाही. पण वर्ष 31 मार्चला संपते आणि बोनस द्यायला आठ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे नोव्हेंबरअखेर. तोवर कापसातली कवडी वेचणारी बाई दुसऱ्या जिनिंगवर लागलेली असते, मुकादम बदललेला असतो. आता तिथे कामाला नाही म्हणून मागच्या हंगामाचा बोनसही गेला, असे तिला वाटते. तो जात नाही. जुन्या मालकाकडे तो तिने हक्काने मागावा.

ग्रॅच्युइटीची तर कुणाला आठवणच नसते. फक्त हंगामात कामाला असणाऱ्यांसाठी प्रत्येक हंगामामागे सात दिवसांची मजुरी, असा दर आहे. कारखाना जितके दिवस चालला त्यातले 75 टक्के दिवस भरले की कामगाराची सेवा अखंड धरतात. सर्वसाधारणपणे अशी पाच वर्षे लागतात.

हे सगळे अडते ते हजेरीपाशी. एक मावशी मला म्हणाल्या होत्या, “वकीलसाहेब, हजेरी तं मुकादमाच्या वहीत रायते, आमच्याजोळ काय रायते?” ठेकेदाराने बुडवले तर मूळ मालकावर जबाबदारी येते, पण आधी आपण तिथे राबलो हे दाखवावे लागते.

रेचे थांबल्यावरच्या महिन्यांसाठी महाराष्ट्राने एक वाट काढली होती. रोजगार हमी कायदा 1977 मध्ये झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागूनही काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, हे त्याने मान्य केले. पण तो भत्ता मागायचा तर कामाची मागणी लेखी हवी आणि तिची तारीख घातलेली पोच हवी. पोच न घेता माघारी फिरलेली किती माणसे मी पाहिली आहेत!

नव्या संहितांपैकी वेतन संहितेत दोन गोष्टी कामगाराच्या बाजूने आहेत. दाव्याची मुदत आता तीन वर्षांची आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. म्हणून या हंगामात दर आठवड्याला हजेरीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, गेटपास फेकू नका, मजुरी शक्यतो बँक खात्यात मागा. मागच्या तीन हंगामांचे काही राहिले असेल, तर कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात अर्ज देता येतो. आवक वाढली की सुट्टी मिळत नाही. म्हणून तो अर्ज दिवाळीच्या आठवड्यातच लिहून घ्या.