क्रूरसिंग आणि आमची डॉर्मिटरी

'चंद्रकांता' म्हटलं की आपल्या आईबाबांच्या वयाच्या माणसांना १९९४ सालची दूरदर्शनवरची मालिका आठवते, आणि मालिका म्हटलं की जाडजूड भुवयांचा, 'यक्कू' म्हणणारा क्रूरसिंग. राजपुत्राचं नाव आठवायला त्यांना वेळ लागतो, याचं नाही. पण हा क्रूरसिंग टीव्हीने जन्माला घातलेला नाही. देवकीनंदन खत्री यांनी ही कादंबरी १८८८ साली काशीत प्रसिद्ध केली. त्यांनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. तिथले पडके किल्ले, गुहा, झरे सगळे कादंबरीत उतरले. ती वाचता यावी म्हणून कित्येक लोक हिंदी शिकले, असं आजही सांगतात.

बाबांची बदली वाराणसी छावणीत झाल्यामुळे गेल्या मे महिन्याची सुट्टी माझी तिकडे गेली. ब्रह्माघाटावर आमची एक आत्याआजी राहते. त्या बाजूला मराठी घरं पुष्कळ. तिची मराठी ऐकताना अधूनमधून हिंदीचा खडा लागतो. चंद्रकांताचे चारही भाग मी तिच्याकडेच वाचले. क्रूरसिंग कसा वाटला, असं तिने विचारलं. "जबरदस्त," मी म्हणालो.

"कसला जबरदस्त रे? बापाच्या जिवावर उड्या मारणारा. मालिकेने चढवून ठेवलाय त्याला."

तिचं खरं आहे. पुस्तकातला क्रूरसिंग विजयगढच्या दिवाणाचा मुलगा. राजा जयसिंगांना मुलगा नाही, तेव्हा चंद्रकांतेशी लग्न झालं की गादी आपलीच, हा त्याचा हिशेब. तो जमत नाही असं दिसल्यावर तो चुनारच्या शिवदत्त राजाकडे जातो, त्याच्यापुढे राजकन्येच्या रूपाचं वर्णन करतो आणि ज्या दरबाराने त्याला वाढवलं त्याच्यावरच फौज आणवतो. तलवार गाजवल्याचं त्याच्या नावावर काही नाही. त्याच्याकडे फक्त घरची माहिती आहे आणि ती तो विकतो.

सुट्टी संपवून परत आल्यावर लाइट्स ऑफनंतर मी ही गोष्ट रोज थोडी थोडी सांगू लागलो. (ड्यूटी मास्तरांनी हे वाचलं तरी आता वर्ष उलटून गेलं आहे.) ऐयारांचे बटुवे, बेशुद्ध करणारी पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा, कमंद टाकून भिंत चढणं, यावर सगळे खूश होते.

मग ऑगस्टमध्ये क्रॉस कंट्री आली. आमच्या हाउसचा सर्वांत चांगला धावपटू आदल्या रात्री तापाने फणफणला होता. कोणाला सांगायचं नाही, असं त्याने बजावलं. शेजारच्या बेडवरच्या मुलाने पहाटे हाउसमास्तरांना सांगितलं. धावपटूची रवानगी एमआय रूममध्ये झाली आणि आम्ही स्पर्धा हरलो. त्या संध्याकाळपासून त्या मुलाचं नाव पडलं 'क्रूरसिंग'. मेसमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

गोष्ट मीच सांगितलेली, म्हणून मला ते नाव जास्त खटकलं. खरं तर डॉर्मिटरीचा आवडता नायक होता तेजसिंग. हा तेजसिंग करतो काय? वेश बदलतो, खोटं बोलतो, शत्रूच्या महालात शिरून गुपितं काढतो. फसवणूक दोघेही करतात, आणि हिशेब केला तर तेजसिंगचीच जास्त भरेल. मग एक नायक आणि दुसरा फितूर का? तेजसिंगने काढलेलं प्रत्येक गुपित वीरेंद्रसिंगाच्या कामी येतं, स्वतःसाठी तो काही ठेवत नाही. क्रूरसिंगाचं प्रत्येक गुपित त्याच्या स्वतःच्या गादीसाठी. गुपित फोडणं ही खूण धरली तर दोघांत फरकच उरत नाही.

बाबांनी आम्हाला चुनारचा किल्ला दाखवला होता. वाराणसीपासून रस्त्याने साधारण ४० किलोमीटर, गंगेच्या वळणावर उंच खडकावर. तिथे त्यांनी रूमी खानाची हकीकत सांगितली. गुजरातच्या बहादूरशाहाचा हा तोफखान्याचा प्रमुख १५३५ साली मंदसोरला हुमायूनला जाऊन मिळाला. पुढे हुमायूनने चुनारला वेढा घातला, तेव्हा त्याने आपल्याच एका गुलामाला फटके मारवले आणि मालकाला कंटाळून पळालेला म्हणून किल्ल्यात पाठवलं. आतल्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, त्याने तटबंदी पाहून घेतली आणि परत येऊन सगळं सांगितलं, असं जुन्या बखरकारांनी लिहून ठेवलं आहे. खत्रींच्या ऐयारांनाही हे सुचलं नसतं. मला मात्र राहून राहून त्या गुलामाचा विचार येतो. पाठीवरचे वळ त्याचे, किल्ला बादशहाचा.

आमच्या शेजारच्या बेडवरच्या मुलाला काय मिळालं? तोही हाउसच्या संघात होता. आम्ही हरलो म्हणजे तोही हरला.

हे सगळं मी एका रात्री गोष्टीऐवजी बोलून दाखवलं. टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. कोणीतरी म्हणालं, "झोप आता." एकाने विचारलं, मग आपल्यात क्रूरसिंग कोण? त्यावर कोपऱ्यातून तापवाल्याचाच आवाज आला, "मला १०३ ताप होता रे."

नाव अजून पूर्ण गेलेलं नाही. नवीन आलेली सातवीची मुलं अर्थ न कळता ते वापरतात. पण दिवाळीनंतर त्याने माझ्याकडून पहिला भाग मागून नेला. हिंदी जड जाते म्हणतो. सध्या तो दुसऱ्या भागात आहे आणि त्याचं म्हणणं आहे की सगळ्यांत हुशार तेजसिंग नव्हे, चपला आहे. यावर आमचं रोज भांडण होतं.