कार सीट आणायची की नाही? अक्काचा प्रश्न आणि माझी चुकलेली टीप

अक्काचा मेसेज रात्री अकरा वाजता आला. ‘तुझा लेख वाचला. तिसऱ्या नंबरला लिहिलंयस, कार सीट घरीच ठेवा, भारतात कुणी वापरत नाही. मग खरंच नको ना आणू?’

मी ओरत्तनाडूला घरी बसून कंटेंट रायटिंग करते. बी.ए. इंग्लिश केलं, लग्न नाही, मूल नाही. ‘मुलांसोबत विमानप्रवास : दहा सोप्या युक्त्या’ हा लेख मी एका दुपारी लिहून दिला होता. तिसरी युक्ती लिहायला फार तर दोन मिनिटं लागली असतील. आता त्या दोन मिनिटांवर भरवसा ठेवून अक्का तीन वर्षांची मुलगी आणि चौदा महिन्यांचं बाळ घेऊन अमेरिकेहून एकटी येणार होती. भावोजींना सुट्टी नव्हती.

‘उद्या सांगते,’ एवढंच मी लिहिलं. झोप काही लागली नाही.

सकाळी अप्पांना विचारलं. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरातली आमची बोली वेगळी आहे, इथे तुमच्या सवयीच्या मराठीत लिहिते. अप्पा म्हणाले, ‘तुम्हा दोघींना आईने मांडीवर घेऊनच वाढवलं. काही झालं का? आणि ती बिचारी दोन मुलं सांभाळेल की दोन खुर्च्या उचलेल?’

दुसरा मुद्दा खरा होता. दोन मोठ्या बॅगा, कडेवर बाळ, हाताशी एक मूल आणि वर दोन सीट. माझी युक्ती अगदीच खोटी नव्हती. पण पहिल्या मुद्द्याने मी अडखळले. काही झालं नाही, म्हणजे धोका नव्हता असं होतं का?

मग मी लेख लिहिण्याआधी करायला हवं होतं ते केलं. वाचलं.

पहिल्यांदा विमान. दोन वर्षांखालच्या बाळाला वेगळं आसन न घेता मांडीवर नेता येतं. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटी इथे एक विमान कोसळलं. त्यात चार मुलं मांडीवर होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे आईवडिलांना मुलांना खाली पायांशी ठेवून धरायला सांगितलं गेलं. त्यातलं एक मूल वाचलं नाही. ती सूचना देणारी हवाईसेविका जॅन ब्राउन नंतर कित्येक वर्षं एकच मागणी करत राहिली : प्रत्येक मुलाला स्वतःची सीट हवी. तरीही तिथल्या विमान प्रशासनाने सक्ती केली नाही. लहान मुलाला मान्यताप्राप्त सीटमध्ये बसवणंच सर्वांत सुरक्षित, असं ते आजही सांगतात. पण जादा तिकीट घ्यावं लागलं, तर काही कुटुंबं विमान सोडून गाडीने जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं दगावतील, असा त्यांचा हिशोब होता.

हा हिशोब वाचून मी थांबले. म्हणजे विमानापेक्षा रस्ता जास्त धोक्याचा. आणि तिसरी युक्ती लिहिताना रस्ता माझ्या डोक्यातही नव्हता! अक्काचं विमान तिरुच्चीला उतरणार. तिथून तंजावरमार्गे आमच्या घरापर्यंत पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. खरा प्रश्न तेवढ्या रस्त्याचा होता.

साधं गणित करून पाहिलं. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला जवळजवळ १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. कुठल्या आईच्या हातात ती असते? प्रेम कमी पडतं म्हणून नाही, हातच कमी पडतात.

आणि ‘भारतात कुणी वापरत नाही’ हे माझं वाक्य? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ब आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची सीट नसेल, तर एक हजार रुपये दंड. कायदा आहे, सवय नाही. मागच्या सीटवर बसून आपण स्वतः तरी पट्टा कुठे लावतो? सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते, पट्टा लावलेला नव्हता. महिनाभर सगळीकडे चर्चा झाली, मग पट्टे पुन्हा सीटकव्हरच्या खाली गेले.

मी अक्काला फोन केला. ‘माझं चुकलं. सीट आण, दोन्ही आण.’

‘आणि उचलणार कोण?’

मग आम्ही दोघींनी मिळून तोडगा काढला. विमानात सीट न्यायच्याच नाहीत. मोठीसाठी विमानाच्या आसनाला अडकवायचा ‘केअर्स’ नावाचा पट्टा घेतला. दहा ते वीस किलो वजनाच्या मुलांसाठी त्याला अमेरिकेत मान्यता आहे. वजन अगदी थोडं, पिशवीत मावतो. मात्र तो गाडीत चालत नाही. विमानकंपन्या तो लावू देतील का, हे अक्काने आधीच लेखी विचारून घेतलं. बाळाला मांडीवर घ्यायचं ठरलं. वेगळं तिकीट परवडणारं नव्हतं. ती तडजोड आहे हे आम्हा दोघींना माहीत होतं. दोन्ही कार सीट जाड खोक्यांत बांधून सामानात दिल्या. बऱ्याच विमानकंपन्या त्याचे पैसे घेत नाहीत, पण आदळआपट होऊ शकते, म्हणून आत मुलांचे कपडे कोंबले.

माझं काम इथलं होतं. टॅक्सीवाल्या अण्णांना आदल्या दिवशीच गाडी घेऊन बोलावलं. मागचे पट्टे होते, पण त्यांची कुलपं कव्हरखाली गाडलेली. अण्णा हसले. ‘पाच वर्षांत कुणी मागितलीच नाहीत, अम्मा.’ कव्हर काढलं, धूळ पुसली, पट्टा पूर्ण बाहेर ओढून अडकतो का ते पाहिलं. ही दहा मिनिटं विमानतळाच्या दारात, रडणाऱ्या मुलांसमोर, मिळाली नसती.

पोंगलच्या आठवड्यात ते आले. खोकी उघडून सीट बसवायला वीस मिनिटं गेली. अप्पा घड्याळ बघत होते. बाळ तंजावरपर्यंत रडलं. ‘घे ना गं त्याला जरा,’ अप्पा दोनदा म्हणाले. अक्का मधे बसून त्याचा हात धरून गात राहिली, पण पट्टा सोडला नाही. एकदा मात्र गाडी बाजूला थांबवून त्याला पाजलं. तंजावर सोडल्यावर रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेला होता. एक शेळी आडवी आली, अण्णांनी करकचून ब्रेक मारला. मी पुढे फेकले गेले. मुलं जागच्या जागी. मोठीने डोळे उघडले आणि परत मिटले. कुणी काही बोललं नाही.

ओरत्तनाडूत शिरताना मुक्तांबाळ छत्र लागतं. सरफोजी राजांनी दोनशे वर्षांपूर्वी रामेश्वराच्या वाटेवरच्या प्रवाशांसाठी ते उभारलं. १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या छत्रांमधली व्यवस्था सांगितली आहे : प्रवाशांना जेवण, आजाऱ्यांना औषध, वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची सोय, तान्ह्या मुलांना दूध. म्हणजे वाटेवरच्या मुलाची वेगळी काळजी घ्यायची, ही काही अमेरिकेहून आलेली गोष्ट नाही. त्या काळी ती दुधाची होती, आज पट्ट्याची आहे.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी नातीला छत्र दाखवायला नेतो म्हणून स्कूटर काढली. मी दारातच सांगितलं, चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि अंगाला बांधायचा पट्टा लागतो, असा नियम आहे. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्कूटर परत आत लावली आणि तिचं बोट धरून चालत निघाले.

मी आत येऊन ज्यांच्यासाठी तो लेख लिहिला होता त्यांना मेल केला. तिसरी युक्ती कृपया बदला. नवीन मजकूर सोबत जोडला आहे.