आप्पांना पाठवलेला फोटो

पहिली शर्यत मी दुसऱ्याच फेरीत सोडली आणि घरी फोनवर सांगितलं, "गिअर तुटला." तुटलं काहीच नव्हतं. चिखलात तीनदा पडलो होतो, छाती भरून आली होती आणि पुढचा शेवटचा माणूसही दिसेनासा झाला होता.

पण फोनवर आप्पा होते. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं लेथवर काढलेला माणूस. "तुटला म्हणजे नेमका कुठं? फोटो पाठव की." पाठवतो म्हटलं. पाठवला नाही. त्यांनीही परत विचारलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

नोकरीमुळे मी चार वर्षं बेल्जियममध्ये, ल्यूव्हेनला राहतो. सप्टेंबर ते फेब्रुवारी इथे सायक्लोक्रॉसचा हंगाम. फ्लेमिश भाषेतलं नाव 'फेल्डरेइडन', फेल्ड म्हणजे शेत. शेतातून, जंगलातून, वाळूतून आखलेली अडीच-तीन किलोमीटरची वाट, तिच्यावर फेऱ्यांमागून फेऱ्या. मध्ये आडव्या फळ्या, पायऱ्या, सरळ उभा चढ. जिथे चाक चालत नाही तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळायचं. ल्यूव्हेनजवळच्या बाल गावचा स्वेन नेइस या खेळातला मोठा माणूस. त्या गावात १ जानेवारीला शर्यत असते आणि गर्दी आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्यांना होते तशी.

मी धावतो ते हौशी गटात, जेमतेम चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांत काय होतंय, असं मलाही आधी वाटायचं! टायरमध्ये हवा मोटारीच्या टायरपेक्षाही कमी ठेवावी लागते, म्हणजे ते चिखलाला धरतं. तरी उतारावर मागचं चाक आपल्या मनाने जातं. तीन अंश थंडीत बोटांना ब्रेक कळत नाही. दोरीपलीकडे लोक हातात तळलेले बटाटे घेऊन ओरडत असतात, "आले, आले!" शब्द फ्रेंच आहे, 'चला' अशा अर्थाचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकून मागे बघितलं होतं, की टिळकवाडीतलं कोण आलं इथे?

डिसेंबरातली ती दुसरी शर्यत. दोन दिवस पाऊस पडून गेलेला. तीन फेऱ्या बऱ्या गेल्या. चौथीत गवत आणि चिखल मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे चेन या गिअरवरून त्या गिअरवर सरकवणाऱ्या भागात, गुंडाळत गेलं. चढावर जोर लावला आणि कडाड! डिरेलर चाकाच्या तारांत जाऊन अडकला. चाक फिरेना. मोठ्या खेळाडूंची दुसरी सायकल वाटेतल्या ठरलेल्या जागी तयार असते आणि त्यांची माणसं पहिली धुऊन ठेवतात. माझ्याकडे सायकल एकच आणि माणूस कोणी नाही.

शेवटच्या रेषेपर्यंत किलोमीटरभर अंतर होतं. वळणावर उभ्या असलेल्या पंचाने हाताने विचारलं, थांबतोस का? या वेळी खरंच तुटलं होतं. थांबलो असतो तर कोणी काही म्हणालं नसतं.

सायकल खांद्यावर घेतली. नियम असा की रेषा सायकलीसकट ओलांडायची. नऊ किलोची सायकल चिखलाने किती झाली होती देव जाणे. खांद्यावर घ्यायची रीत मी व्हिडिओ बघून शिकलो होतो. पण त्या वाटेवर डोळ्यांपुढे येत होते येळ्ळूरच्या शिवारातले आप्पा. आषाढात काळी माती मडगार्डात अशी भरते की सायकल ढकलताही येत नाही. काडीने खरवडा, चार पावलांवर पुन्हा तेच. मग ते खांद्यावर टॉवेलची घडी ठेवून सायकल उचलायचे, डांबरी रस्त्यापर्यंत चालत जायचे, नळावर पाय धुवायचे आणि दुसरी पाळी गाठायचे. रोज. माझ्या खांद्यावर टॉवेल नव्हता, हे मात्र सारखं जाणवत होतं.

पोचलो तेव्हा पहिला आलेला कपडे बदलून बसला होता. ३९ जणांत मी ३६वा. मागचे तिघे शर्यत सोडून गेलेले.

हात धुवायच्या आधी फोटो काढून पाठवला. बेळगावात दुपारचे साडेचार वाजले असतील. लगेच फोन.

"हे ॲल्युमिनियम आहे. एवढा भार आणि एवढंसं ॲल्युमिनियम? कुणी डिझाइन केलंय?"

मी सांगितलं, याला हँगर म्हणतात. दोन बारक्या स्क्रूंनी फ्रेमला बसवलेला असतो. मुद्दाम कच्चा ठेवतात. धक्का बसला की हा मोडतो आणि फ्रेम वाचते.

"म्हणजे शिअर पिन की!" आप्पा एकदम खूश. त्यांच्या मशीनमध्येही असायची. ती तुटायची म्हणून गिअरबॉक्स वाचायचा. त्यावर पाच मिनिटं बोलले. मग थांबून म्हणाले, "मागल्या वेळीपण हेच मोडलं होतं काय?"

"नाही आप्पा. मागल्या वेळी काही मोडलं नव्हतं."

"होय की. मला वाटलंच."

पलीकडे आईने कुकर उतरवल्याचा आवाज आला.

"येताना तो तुकडा घेऊन ये," आप्पा म्हणाले. "टाकू नकोस. माप घेतो, चार-पाच करून ठेवूया."