चुकीच्या माणसाचं व्यंगचित्र

इराक युद्धाबद्दलचं माझं मत बरोबर होतं. इतकं बरोबर, की पुढची काही वर्षं मला त्याचा पुरता माज चढला होता.

तेव्हा मी लंडनमधल्या एका पालिकेच्या मुद्रण विभागात चित्रकार होतो. काम म्हणजे कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, याची पत्रकं सजवणं. कलेची हौस भागवायला कामगार संघटनेचं चार पानी मासिक होतं. त्याच्या शेवटच्या पानावर माझं व्यंगचित्र असायचं. घरी ‘मार्मिक’ वाचत आणि दिवाळीत ‘आवाज’च्या खिडक्या उघडत वाढलेला, पुढे जे.जे.तून शिकलेला मी. बाळासाहेब ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण दोघेही ज्यांना मानत, त्या डेव्हिड लो यांच्या शहरात आपण व्यंगचित्रं काढतो, याचं मला मनातून फार अप्रूप होतं. लो मूळचे न्यूझीलंडचे, पण नाव काढलं ते लंडनमध्ये. तो मला स्वतःसाठी सोयीचा दाखला वाटायचा.

२००२ च्या सप्टेंबरपासून विषयांची ददातच राहिली नाही. सद्दामची काही अस्त्रं पंचेचाळीस मिनिटांत सज्ज होऊ शकतात, असं ब्रिटिश सरकारचा अहवाल सांगत होता. पुढच्या फेब्रुवारीत दुसरा अहवाल आला. त्यातला बराच मजकूर एका संशोधकाच्या लेखातून उचललेला निघाला, टंकनाच्या चुकांसकट. त्याच सुमारास अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल युद्धाची बाजू मांडायला सुरक्षा परिषदेत आले, तेव्हा दालनाबाहेरच्या, ‘गेर्निका’ या युद्धविरोधी चित्राच्या विणलेल्या प्रतीवर निळा पडदा टाकलेला होता. टीव्हीच्या कॅमेऱ्यांसाठी पार्श्वभूमी साधी हवी, असं कारण दिलं गेलं. व्यंगचित्रकाराने आणखी काय काढायचं?

मी पूडल काढला. सगळेच काढत होते. ‘गार्डियन’मध्ये स्टीव्ह बेल यांचा एका डोळ्याने वेडसर रोखून बघणारा ब्लेअर आणि माकडतोंड्या बुश गाजत होते, पण तसं काही स्वतःचं शोधायला कष्ट पडतात. बुशच्या साखळीला बांधलेला ब्लेअर नावाचा पूडल मात्र बसल्या बैठकीला होतो. कुरळे केस काढायला सोपे आणि शेपूट हलवली की वाचक हसतोच. महिनोन्‌महिने मी तो काढला. हात इतका सरावला, की पालिकेच्या पत्रकावर झाड काढलं तरी त्याला पूडलची आयाळ यायची.

१५ फेब्रुवारी २००३ च्या युद्धविरोधी मोर्चाला मी तोच पूडल फलकावर चिकटवून गेलो. पोलिसांच्या हिशेबाने साडेसात लाख माणसं होती, आयोजकांच्या मते वीस लाखांपर्यंत. थंडी कडाक्याची होती. माझ्या चित्रात टाकाची बारीक जाळीदार छटा होती, रात्रभर बसून केलेली. दहा फुटांवरून ती मळकट ढगासारखी दिसत होती. पिकॅडिलीत एका आजींनी आपुलकीने विचारलं, “मेंढी का ही?” आजूबाजूला डेव्हिड जंटलमन यांचे फलक चालले होते: मोठ्ठा ‘नो’ आणि रक्ताचे शिंतोडे. हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ टपालाची तिकिटं काढून नावारूपाला आलेले. एवढ्याशा कागदावर काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे त्यांना कळत होतं. मला आजींचा राग आला होता.

मोर्चात न आलेल्यांपैकी एक होते आमचे काक. आमच्या विभागाचं ऑफसेट यंत्र ते चालवत. मूळचे इराकमधल्या सुलेमानियाचे, कुर्द, माझ्याहून वयाने बरेच मोठे. कुर्दीत थोरल्या भावाला म्हणतात तसं आम्ही सगळेच त्यांना काक म्हणायचो. जाड मिशा, बारा महिने डोक्यावर लोकरीची टोपी, आणि शाईच्या बाबतीत विलक्षण कडक. माझ्या रेषेतला काळा रंग कागदावर जसाच्या तसा उतरवणारा माणूस मला त्यांच्याआधी भेटला नव्हता आणि नंतरही नाही.

दुपारच्या डब्याला आमचा वाद व्हायचा. मी म्हणायचो, “हे लोक तेलासाठी चाललेत.” ते म्हणायचे, “तेलासाठी येऊ देत. कशासाठीही येऊ देत.” त्यांचे चुलतभाऊ हलब्जात होते. १६ मार्च १९८८ ला सद्दामच्या विमानांनी त्या गावावर विषारी वायू टाकला आणि पाच हजारांच्या आसपास माणसं मेली. हे मला माहीत होतं. एखादी सनावळी माहीत असावी, तसं. अस्त्रांवरून आता गळा काढणारी पाश्चात्त्य सरकारं तेव्हा सद्दामला सांभाळून घेत होती, हा मुद्दा मी काकांसमोर मोठ्या तडफेने मांडायचो. घरच्यांना गमावलेल्या माणसाला ते नव्याने सांगायची गरज नसते, हे काही मला सुचलं नाही.

१८ मार्चला पार्लमेंटमध्ये ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाचा ठराव झाला. दोन दिवसांत युद्ध सुरू. ९ एप्रिलला बगदादमध्ये सद्दामचा पुतळा पडला, १० तारखेला कुर्द सैनिक किर्कुकमध्ये शिरले, आणि काक ऑफिसात बकलाव्याचं भलंमोठं ताट घेऊन आले. आपल्याकडे पेढे वाटावेत तसा प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन त्यांनी तो वाटला. काहींनी संकोचून नकार दिला. मी घेतला. दोन तुकडे.

आणि त्याच रात्री चित्र काढलं. रणगाडा, त्यावर बुश आणि ब्लेअर, मागे जळतं शहर. पुढ्यात मिठाईचं ताट घेतलेला एक मिशाळ माणूस, डोक्यावर लोकरीची टोपी. इतकं काढून झाल्यावर चित्र बसेना. काहीतरी कमी होतं. मग मी त्या माणसाला शेपूट काढली. हलणारी. चित्र एकदम बसलं. त्या क्षणी झालेला आनंद मला अजून आठवतो. चांगलं काम जमल्याचाच आनंद होता तो, त्यात द्वेष वगैरे काही नव्हता. मला अडचण होते ती नेमकी तिथेच.

मासिक कोण छापणार, हा प्रश्न मला पडलाच नाही, हे आज कुणाला पटणार नाही. काकच छापणार होते. त्यांनीच प्लेट केली, यंत्र लावलं, आणि शाई वाळल्यावर पहिली प्रत माझ्या टेबलावर आणून ठेवली.

“काळा छान आलाय,” ते म्हणाले. “नाक चुकलंय.”

मी काहीतरी पुटपुटलो, की हे तुम्ही नव्हेत, ही एक प्रवृत्ती आहे.

“प्रवृत्तीला माझी टोपी कशाला?” मग जाता जाता, आवाज न चढवता त्यांनी विचारलं, “अठ्ठ्याऐंशी साली तू काय काढत होतास?”

अठ्ठ्याऐंशी साली मी जे.जे.त साबणाची वेष्टनं काढत होतो, आणि एका दिवाळी अंकासाठी लाटणं घेतलेली बायको. साधं उत्तर होतं. ते मी दिलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्यांना एक लांबलचक चिठ्ठी लिहिली: व्यंगचित्रकाराने कुणालाच सोडायचं नसतं, लो यांनीही सोडलं नव्हतं, वगैरे. लो यांनी हिटलर आणि मुसोलिनीला सोडलं नव्हतं. आपल्या छापखान्यातल्या माणसाला शेपूट लावल्याचं निदान माझ्या तरी वाचनात नाही.

पुढे डेव्हिड लेव्हिन यांनी १९६६ मध्ये काढलेलं अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांचं अर्कचित्र पुन्हा पाहिलं. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा व्रण जॉन्सननी शर्ट वर करून पत्रकारांना दाखवला होता. लेव्हिन यांनी त्या व्रणाला व्हिएतनामच्या नकाशाचा आकार दिला. व्रण जॉन्सनचा, दाखवायची हौसही जॉन्सनची, युद्धही त्यांचं. लेव्हिननी बाहेरून फारसं काही आणलंच नाही. माझ्या चित्रातली शेपूट काकांची नव्हती. पूडल काढून काढून ती माझ्या बोटांत शिल्लक होती आणि समोर दिसला त्याला मी चिकटवली. तीही ब्लेअरला नव्हे, वादात माझ्यापुढे न वाकणाऱ्या माणसाला.

काक डब्याला दुसऱ्या टेबलावर बसू लागले. बाकी काही नाही. तक्रार केली नाही, माझं काम कधी लांबवलं नाही. निवृत्त होईपर्यंत माझं प्रत्येक चित्र त्यांनी तितकंच स्वच्छ छापलं. एखादं जरी मुद्दाम फिकं काढलं असतं, तर माझी सुटका झाली असती.

दुसरी गोष्ट सांगायला जास्त जड जाते. अस्त्रं सापडली नाहीत. २००४ मध्ये शोधपथकाच्या अहवालाने साठे नसल्याचं सांगून टाकलं. २००६ च्या फेब्रुवारीत समाराच्या मशिदीचा घुमट उडवला गेला आणि शिया-सुन्नी हत्याकांडांना ऊत आला. त्या काळात मी सकाळी उठून आधी रेडिओ लावायचो आणि स्फोटाची बातमी आली की आत कुठेतरी बरं वाटायचं. माणसं मेल्याचं नव्हे, मी बरोबर ठरल्याचं. पण बातमी एकच होती, तिचे दोन भाग कसे करणार? त्या वर्षांतली माझी चित्रं आज पाहिली तर सगळ्यांचं म्हणणं एकच: बघा, मी म्हणालो होतो. इराकी माणूस त्यांत आहे तो आडवा, चादरीखाली. चादर काढायला पूडलपेक्षाही सोपी.

२००७ मध्ये टेट ब्रिटनमध्ये मार्क वॉलिंजर यांची ‘स्टेट ब्रिटन’ ही कलाकृती पाहिली. पार्लमेंटसमोर ठाण मांडून बसलेल्या ब्रायन हॉ यांचे फलक पोलिसांनी आदल्या वर्षी उचलून नेले होते; वॉलिंजरनी त्यांची हुबेहूब प्रतिकृती दालनात मांडली होती, चाळीसेक मीटर लांब. पार्लमेंटपासून एक किलोमीटरच्या आत विनापरवाना निदर्शनं करायला बंदी होती आणि ती हद्द म्हणे याच इमारतीतून जात होती, म्हणून जमिनीवर रेघही ओढलेली. माझ्या नजरेने सवयीप्रमाणे आधी अक्षरांमधलं अंतर तपासलं. फारच वाईट होतं. मग लक्षात आलं की हॉ २००१ च्या जूनपासून बसले होते. म्हणजे युद्धाच्या आधी, इराकवरच्या निर्बंधांविरुद्ध, इराकी मुलांचे फोटो लावून. काकांच्या प्रश्नाला निदान अर्धंमुर्धं उत्तर या माणसाकडे होतं.

काकांशी बोलणं पुन्हा सुरू झालं ते त्यांच्या निवृत्तीनंतर, एका बसथांब्यावर, शाईच्या किमतींवरून. मग अधूनमधून चहाला भेटू लागलो. युद्धाबद्दल आमचं मत जिथे होतं तिथेच आहे. ते म्हणतात, सद्दाम गेला हे बरंच झालं. मी म्हणतो, अशा रीतीने नाही. दोघेही साखर ढवळत राहतो.

जुलै २०१६ मध्ये इराक युद्धाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीचा अहवाल आला, बारा खंड, सुमारे सव्वीस लाख शब्द. त्या निमित्ताने आमच्या भागातल्या ग्रंथालयाने युद्धकाळातली माझी चित्रं लावायचं ठरवलं. निवड माझ्यावरच सोपवली होती. शेपटीवाल्या माणसाचं चित्र मी बाजूला काढलं आणि चहाच्या वेळी काकांना ते जरा मोठेपणानेच सांगितलं. त्यांना बरं वाटेल, अशी अपेक्षा होती.

“म्हणजे फक्त बरोबर ठरलेली चित्रं लावणार?” ते म्हणाले. “ते लाव. छापलंय मी ते.”

प्रदर्शनाला अजून अवकाश होता. ग्रंथालयाला एक फोन करायचा होता फक्त. मी केला नाही.